गेम वॉर्डन समोर आला तर काय दाखवायचं आणि कुठे ‘नाही’ म्हणायचं

पॅसिफिकाचा धक्का सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला थेट समुद्रात शिरलेला आहे आणि नोव्हेंबर उजाडला की तो चिंबोऱ्या धरणाऱ्यांनी भरून जातो. काही वर्षांपूर्वी माझे बाबा गुहागरहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. तेव्हा पहाटे पाचला त्यांनी मला उठवून तिथे नेलं. आठ वाजेपर्यंत आमच्या बादलीत सहा डंजनेस चिंबोऱ्या होत्या. तेवढ्यात हिरव्या गणवेशातली एक बाई आमच्यासमोर येऊन उभी राहिली. छातीवर बिल्ला, कमरेला पिस्तूल. ती गेम वॉर्डन होती, म्हणजे मासेमारी-शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारी सरकारी अधिकारी.

“बादली बघू का?” असं विचारून ती उकिडवी बसली. खिशातून माप काढलं आणि एकेक चिंबोरी मागच्या पायांकडून अलगद उचलून कवचावर धरलं. मापाच्या खाचेत कवच शिरलं तर चिंबोरी लहान, कवच अडलं तर ठीक. सहाही अडल्या. मग तिने बाबांच्या कापडी पिशवीकडे बोट केलं. बाबांनी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि मला मराठीत म्हणाले, “ही कोण आमची पिशवी बघणारी? वॉरंट आहे का विचार तिला.” पिशवीत थर्मास आणि पोळीभाजीचा डबा होता. मी पिशवी उघडून दाखवली, तिने हसून मान डोलावली. ती निघाली तेव्हा बाबा म्हणाले, “एवढी थंडीत फिरतेय, एक चिंबोरी घेऊन जा म्हणावं तिला.” मी बाबांचा हात धरून खाली घेतला. का ते पुढे येईलच.

वॉरंटचा बाबांचा प्रश्न मात्र अगदी रास्त होता. अमेरिकेत राहणारी आपली किती तरी मंडळी हौसेने गळ टाकतात, चिंबोऱ्या धरतात, काही जण आता हरणाच्या शिकारीलाही जातात. इथल्या पोलिसांबद्दल सगळ्यांनी थोडंफार वाचलेलं असतं, पण वॉर्डनचे अधिकार वेगळे असतात हे कुणी सांगत नाही. त्यातून दोन प्रकारचे लोक घोटाळ्यात सापडतात. एक, जे बादली दाखवायलाही नकार देतात आणि त्या नकाराचाच गुन्हा अंगावर घेतात. दुसरे, जे घाबरून घराचा फ्रीझरसुद्धा उघडून देतात. मी वकील नाही, पण बरीच वर्षं या पाण्यांवर जातो आणि हा विषय नीट वाचून घेतलेला आहे.

आधी एक फरक: दाखवणं वेगळं, झडती वेगळी

अमेरिकेच्या राज्यघटनेची चौथी दुरुस्ती १७९१ पासून लागू आहे. सरकारने अवाजवी झडती घेऊ नये, हा तिचा गाभा. साधारण नियम असा की झडतीला न्यायाधीशाचं वॉरंट लागतं, आणि वॉरंट नसेल तर मान्य अपवादांपैकी एखादा लागू व्हावा लागतो. १९७९ मध्ये ‘डेलावेअर विरुद्ध प्राउझ’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की केवळ लायसन्स तपासायला पोलिसांना वाटेल ती गाडी थांबवता येणार नाही. मात्र त्याच निकालात न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी वेगळं टिपण जोडलं: गेम वॉर्डनना कामाच्या ओघात बरीचशी अचानक तपासणी करावी लागते, आणि या निकालाची सावली त्यांच्या त्या कामावर पडू नये. पुढे राज्यांच्या अनेक न्यायालयांनी याच दिशेने निकाल दिले.

कारण साधं आहे. चोरी झाली की तक्रारदार असतो. मासा तक्रार करायला येत नाही. लहान मासा पाण्यात परत फेकायला एक क्षण पुरतो, आणि मैलोन्‌मैल किनाऱ्यावर एकटादुकटा वॉर्डन असतो. शिवाय परवाना घेताना आपण हंगाम, माप, संख्या हे सगळे नियम मान्य केलेले असतात. त्यामुळे न्यायालयं म्हणतात की परवाना, हत्यारं आणि धरलेलं सावज यांच्याबाबत मासे धरणाऱ्याला पूर्ण खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही.

याचा अर्थ तुमचं सगळंच उघडं, असा मात्र होत नाही. कॅलिफोर्नियाच्या फिश अँड गेम कोडचं कलम २०१२ सांगतं की परवाना, टॅग, धरलेले मासे किंवा प्राणी आणि ते धरण्याची साधनं मागितल्यावर दाखवावी लागतील. हे ‘दाखवणं’. खिसे उलटे करणं, फोन चाळणं, घरात शिरणं ही ‘झडती’. पहिल्याला नकार दिला की अडचण आपली. दुसऱ्यासाठी वॉर्डनकडे आणखी काही तरी कारण लागतं. पुढचं सगळं या एका भेदावर उभं आहे.

घरून निघण्यापूर्वी

परवाना आधी. कॅलिफोर्नियात १६ वर्षांपासून पुढे तो लागतो, टेक्ससमध्ये १७ पासून. कॅलिफोर्नियात समुद्रातल्या सार्वजनिक धक्क्यावरून मासे धरायला परवाना लागत नाही, म्हणून तर आईबाबा आले की आपण त्यांना धक्क्यावर नेतो. पण तिथे परवाना माफ आहे, नियम माफ नाहीत. डंजनेस चिंबोरी पावणेसहा इंचांहून लहान चालत नाही, माणशी दिवसाला दहाच घेता येतात, आणि गोल्डन गेटच्या आतल्या खाडीत ती धरणंच मना आहे. हे माप कवचाच्या कडेवरच्या शेवटच्या टोकांच्या लगेच पुढे घ्यायचं असतं, टोकं धरून नाही. नवख्याची चूक नेमकी इथे होते. दोन डॉलरचं प्लास्टिकचं माप बादलीला दोरीने बांधून ठेवा.

धक्क्यावरून उतरून शेजारच्या खडकावर गेलात की परवाना लागला. आणि बाबांच्या नावाचा परवाना नसताना खडकावर “जरा माझा गळ धर” म्हणून त्यांच्या हातात दिलात, तर वॉर्डनच्या लेखी बाबा मासे धरत आहेत.

मुलांकडेही लक्ष असू द्या. कॅलिफोर्नियातल्या पिस्मो बीचवर एका कुटुंबातल्या मुलांनी शिंपले समजून ७२ तिसऱ्या गोळा केल्या. आईला ८८,९९३ डॉलरचा दंड लागला. पुढे न्यायाधीशांनी तो ५०० डॉलरवर आणला, ही गोष्ट २०२४ मध्ये सगळीकडे छापून आली होती. आपल्याकडे ओहोटीला तिसऱ्या काढायला कुणाची परवानगी विचारत नाहीत, म्हणून हे मी मुद्दाम सांगतो. रिकामा शिंपला वेगळा आणि दोन्ही झडपा मिटलेली जिवंत तिसरी वेगळी, हे पोरांना आधीच हातात धरून दाखवा.

आणखी एक: मासे पाण्याकाठीच कापून साफ करू नका. तुकडे झाले की लांबी मोजता येत नाही आणि जात ओळखता येत नाही. बऱ्याच राज्यांत काही माशांचं डोकं-शेपूट घरी पोचेपर्यंत शाबूत ठेवावं लागतं.

कायम वास्तव्याचं ग्रीन कार्ड असेल तर ते, व्हिसावर असाल तर आय-९४ ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत जवळ ठेवा. १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा कागद बाळगायचा, असा संघराज्याचा कायदा आहे आणि तो पाण्यावरही लागू आहे.

वॉर्डन जवळ आला की

गळ खाली ठेवा, हात दिसतील असे ठेवा. चाकू कमरेला असेल तर सांगा, पण त्याला हात लावू नका. शिकारीला गेला असाल तर बंदूक कुठे आहे आणि भरलेली आहे का, हे पहिल्या वाक्यात सांगा आणि तो सांगेल तसंच करा.

बंदुकीवरून एक गोष्ट फार कळकळीने सांगायची आहे. एच-१बी, एफ-१ यांसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा काडतुसं बाळगणं हा साधारणपणे संघराज्याच्या कायद्याने मोठा गुन्हा आहे. त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक म्हणजे वैध शिकारीचा परवाना जवळ असणं. मित्राबरोबर शिकारीला गेलो आणि त्याची बंदूक नुसती हातात घेऊन फोटो काढला, असं करणारे आपले लोक मी पाहिले आहेत. परवाना नसेल तर हातही लावू नका. वॉर्डनने तो क्षण पाहिला तर प्रश्न हरणाचा उरत नाही, तुमच्या इथे राहण्याचा होतो.

बोलताना आवाज शांत, उत्तर थोडक्यात. परवाना मागितला, द्या. मासे दाखवायला सांगितले, दाखवा. याखेरीज “कुठून आलात, किती वाजल्यापासून आहात, काल किती धरले” अशा प्रश्नांना उत्तर देणं बंधनकारक नाही. “मला यावर बोलायचं नाही” म्हणता येतं.

पण खोटं बोलू नका. हे मी जाड अक्षरात लिहिलं असतं. २००७ मध्ये सॅन दिएगोच्या एका धक्क्यावर एक माणूस मासे धरत होता. वॉर्डन दुर्बिणीतून पाहत होता. त्या माणसाने पाण्यातून काही तरी वर काढून काळ्या पिशवीत टाकलं आणि गाडीतून निघाला. वॉर्डनने थोड्या अंतरावर गाडी थांबवून विचारलं, मासा-शेवंड काही आहे का? तो म्हणाला, नाही. पण वॉर्डनने तर डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याने गाडी तपासली, पिशवीत शेवंड निघाली, आणि तेव्हा शेवंडीचा हंगाम बंद होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ‘पीपल विरुद्ध मायखिओ’ या निकालात वॉर्डनचं वागणं योग्य ठरवलं. माणूस नुकताच मासे धरून निघाला आहे असं मानायला आधार असेल तर गाडी थांबवून ‘दाखवा’ म्हणता येतं, असं न्यायालय म्हणालं. गाडीच्या आत शोधण्याइतकं कारण मात्र वॉर्डनला त्या ‘नाही’ने दिलं. तुम्ही संघराज्याच्या अधिकाऱ्याशी बोलत असाल, म्हणजे वन्यजीव अभयारण्यात किंवा नॅशनल पार्कात असाल, तर जाणूनबुजून खोटं सांगणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. गप्प राहणं हा गुन्हा नाही.

आता बाबांची चिंबोरी. दमलेल्या माणसाला जेवणातलं काही देणं हा आपल्याकडे साधा माणुसकीचा भाग. पण तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याला काहीही देऊ करणं इथे लाच म्हणून पाहिलं जाऊ शकतं. चिंबोरी नको, पाण्याची बाटली नको, आणि वीस डॉलरची नोट तर स्वप्नातही नको. पाहुण्या आईबाबांना हे आधी समजावून सांगा, कारण त्या घडीला समजावायला वेळ मिळत नाही.

बादली, कूलर, पिशवी

बादली उघडी असते, तिचा प्रश्नच नाही. खरी गंमत बंद कूलरची आणि पाठीवरच्या पिशवीची.

कॅलिफोर्नियाचं कलम १००६ खूप लांब पोचतं. होड्या, बाजार, दुकानं, इतर इमारती आणि मासे किंवा प्राणी ठेवले असतील अशी सगळी भांडी-पेट्या-पिशव्या तपासण्याचा अधिकार ते देतं. त्यात दोन गोष्टी वगळल्या आहेत: राहतं घर आणि अंगावर घातलेले कपडे. म्हणजे तुम्ही मासे धरत असताना जवळचा कूलर मागितला तर उघडा.

टेक्ससचा कायदा जरा वेगळा शब्द वापरतो. तिथल्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ कोडच्या कलम १२.१०४ नुसार पिशवी, पेटी किंवा गाडी तपासायला वॉर्डनकडे बेकायदा धरलेलं सावज त्यात असल्याचा ‘शब्दांत सांगता येईल असा वाजवी संशय’ लागतो. नुसतं “मला वाटलं” चालत नाही. उघड्यावर दिसत असलेला मासा मात्र तो पाहू शकतो. तेव्हा डॅलसच्या मित्राने सांगितलेला अनुभव सॅन होजेला लागू होईल असं धरून चालू नका. ज्या राज्यात गळ टाकणार, त्या राज्याच्या मासेमारी पुस्तिकेत तपासणीचं पान असतं. ते एकदा वाचा, दहा मिनिटं लागतात.

व्यवहाराचा एक उपाय मला फार उपयोगी पडला आहे: मासे एका कूलरमध्ये, खाणं-पिणं-औषधं दुसऱ्या पिशवीत. माशांचा कूलर मागितला की तत्काळ उघडायचा. दुसऱ्या पिशवीकडे बोट गेलं तर शांतपणे विचारायचं, “ही दाखवणं बंधनकारक आहे का, की तुम्ही परवानगी मागताय?” हा प्रश्न इंग्रजीत असा: “अ‍ॅम आय रिक्वायर्ड टू, ऑर आर यू आस्किंग?” या उत्तराने बरंच काही ठरतं. कारण १९७३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की ‘नकार देता येतो’ हे अधिकाऱ्याने तुम्हाला सांगायलाच हवं असं नाही. त्याने गोड आवाजात “बघू का जरा?” म्हटलं आणि तुम्ही “हो हो, बघा ना” म्हणालात, की संमती झाली. आपली मराठी भिडस्त जीभ इथे फार लवकर ‘हो’ म्हणते. मी बाबांची पिशवी उघडून दाखवली ती त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं म्हणून, आणि कॅलिफोर्नियात ती मासे ठेवता येतील अशी पिशवी म्हणून तशीही मागता आली असती.

गाडी

‘मायखिओ’चा धडा वर आलाच. त्याखेरीज १९२५ पासून गाड्यांचा एक सर्वसाधारण अपवाद आहे: आत बेकायदा वस्तू असल्याचं सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय गाडी तपासता येते, कारण गाडी निघून जाऊ शकते. काचेतून दिसणारं रक्त, सीटवर पडलेली हरणाची केसं, डिकीतून टपकणारं पाणी, यांतून असं कारण उभं राहू शकतं. गाडी थांबवण्याचं मूळ काम संपल्यावर मात्र विनाकारण ताटकळत ठेवता येत नाही. “मी जाऊ शकतो का?” हा प्रश्न विचारायला संकोच करू नका.

तुमची व्हॅन झोपण्याची असली तरी ती चालती गाडीच समजली जाते. १९८५ च्या एका निकालाने मोटर-होमलाही गाडीचाच नियम लावला.

होडी

होडीत तुमचं ऐकण्यासारखं फार थोडं उरतं. माँटॅनाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये वॉर्डनने होडीच्या मागच्या भागावर पाय ठेवून मासे पाहणं मान्य केलं. हंगाम सुरू असताना, माशांच्या जागी, परवाना आणि सावज तपासायला आलेल्या अधिकाऱ्यासमोर खाजगीपणाची अपेक्षा धरता येत नाही, असं त्याचं म्हणणं. मिनेसोटात २००३ मध्ये एका वकिलालाच हे शिकावं लागलं. होडी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याकडे जमिनीवरून नेताना अधिकाऱ्याने मासे दाखवायला सांगितले. मासे आहेत हे वकिलाने कबूल केलं, पण दाखवायला नकार दिला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नकाराबद्दलची शिक्षा कायम केली.

समुद्रात गेलात की कोस्ट गार्डही येतो. त्यांना अमेरिकी पाण्यात संशयाशिवायही होडीवर चढून कागदपत्रं आणि लाइफ जॅकेटं तपासता येतात. याची मुळं १७९० च्या कायद्यात आहेत. तिथे वाद घालू नका, जॅकेटं मोजून ठेवा.

बर्फावरची खोली, तंबू, घर आणि फ्रीझर

इथे पारडं आपल्या बाजूला झुकतं, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

मिनेसोटात हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर लोक छोट्या खोल्या ओढून नेतात, आत शेगडी, खाटा, आणि बर्फाला भोक पाडून गळ सोडलेला. अशाच एका खोलीत अधिकारी वॉरंट, संमती, सबळ कारण यांतलं काहीच नसताना आत शिरला. २००२ मध्ये त्याच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवलं. माणूस तिथे झोपतो, जेवतो, दार लावून घेतो, तेव्हा तिथे त्याचा खाजगीपणा आहे. लक्षात घ्या: ज्या राज्याने होडीतले मासे दाखवायला लावले, त्याच राज्याने दार लावलेल्या खोलीपाशी वॉर्डनला थांबवलं. तंबूचंही तसंच. सरकारी कॅम्पसाइटवरच्या तंबूला घरासारखं संरक्षण आहे, असं नवव्या सर्किटच्या, म्हणजे कॅलिफोर्नियासह पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या, संघराज्याच्या अपील न्यायालयाने १९९३ मध्ये म्हटलं.

घरात शिरायला वॉर्डनला वॉरंट हवं, नाही तर तुमची संमती, किंवा खरी तातडी. “फक्त फ्रीझर बघून जातो” म्हणत दारात आला, तर दाराबाहेर येऊन, मागचं दार लावून बोला. “वॉरंट असेल तर दाखवा, नाही तर मी आत येऊ देणार नाही” हे सभ्यपणे म्हणता येतं. हे बायको, आईबाबा, भाडेकरू, सगळ्यांना माहीत हवं. आपण दारात हजर नसताना घरातल्या दुसऱ्या कुणी दार उघडून “या ना” म्हटलं की आपल्या नकाराला फारसा अर्थ उरत नाही. आणि आपल्या आया दारात आलेल्याला आत बोलावतातच.

पण फ्रीझरमध्ये नियमाबाहेरचं काही नसावं, ही जबाबदारी आपलीच. कॅलिफोर्नियात साधारणपणे एका दिवसाच्या मर्यादेइतकेच मासे एका माणसाजवळ असू शकतात, मग ते ताजे असोत, गोठवलेले असोत की टिकवलेले. आपण कोकणातून आलेली माणसं पावसाळ्याची बेगमी म्हणून मासे खारवून, सुकवून ठेवतो. ती सवय इथे नेमकी अंगाशी येते. पिशव्यांवर माशाचं नाव, तारीख आणि कुणी धरला ते लिहा. परवान्यावाल्या प्रत्येकाची मर्यादा वेगळी मोजली जाते.

स्वतःची जमीन असेल तर

टेक्ससमध्ये आपल्यातल्या काहींनी दहा-वीस एकर घेतलेत. कुंपण आहे, ‘प्रवेश बंद’ची पाटी आहे, तरी वॉर्डन आत कसा, असा प्रश्न येतो. १९२४ पासून संघराज्याच्या कायद्यात ‘ओपन फील्ड्स’चा सिद्धान्त आहे, आणि १९८४ च्या ‘ऑलिव्हर’ निकालाने तो पक्का केला: मोकळ्या रानाला चौथी दुरुस्ती संरक्षण देत नाही, कुंपण आणि पाटी असली तरी. टेक्ससचं कलम १२.१०३ तर वन्यप्राणी किंवा मासे वावरतात अशा कुठल्याही जमिनीवर जाण्याची मुभा स्पष्ट शब्दांत देतं. संरक्षण मिळतं ते घराला आणि घरालगतच्या आवाराला. आवार कुठवर, हे १९८७ पासून चार गोष्टींवरून पाहतात: घरापासूनचं अंतर, घरासह एकच कुंपण आहे का, जागेचा वापर, आणि आडोसा. आपल्या भाषेत सांगायचं तर खळं-परसू आत, शेत बाहेर.

सगळी राज्यं मात्र याला मान तुकवत नाहीत. न्यू यॉर्क, व्हर्माँट, ऑरेगन, वॉशिंग्टन, माँटॅना यांनी आपापल्या घटनेखाली खाजगी जमिनीला जास्त संरक्षण दिलं आहे. टेनेसीत वॉर्डननी खाजगी जमिनीत परस्पर कॅमेरे लावले होते. २०२४ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने वॉरंटशिवाय असं शिरणं राज्याच्या घटनेविरुद्ध ठरवलं. जमीन घेतलेल्यांनी आपल्या राज्याची बाजू एकदा स्थानिक वकिलाकडून समजून घ्यावी. पाटी तरी लावाच, कुंपणही करा. ज्या राज्यांत न्यायालयं ऐकतात, तिथे तीच पहिली गोष्ट विचारतात.

कपडे आणि फोन

खिशात हात घालण्यासाठी नुसता मासेमारीचा नियम पुरत नाही. अंगावरून हात फिरवून चाचपणी करता येते, पण तुमच्याजवळ शस्त्र असून धोका आहे असं मानायला वाजवी कारण हवं. १९६८ च्या ‘टेरी’ निकालाची ही मर्यादा आहे.

फोनबाबत तर कायदा लख्ख आहे. अटक केली तरी फोनमधलं पाहायला वॉरंट लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये एकमताने सांगितलं. अनेक राज्यांत परवाना फोनवर दाखवता येतो. तो दाखवताना फोन आपल्या हातातच धरा, वॉर्डनच्या हातात देऊ नका. कागदी प्रत पाकिटात असली तर हा प्रश्नच येत नाही. मात्र तुम्ही स्वतःच फेसबुकवर वीस माशांचा फोटो टाकला असेल, तर तो पाहायला कुणालाही वॉरंट लागत नाही.

वॉर्डन हद्द ओलांडतोय असं वाटलं तर

हाताने अडवू नका, वाटेत उभे राहू नका, मासा पाण्यात फेकू नका. एकच वाक्य, मोठ्याने आणि स्पष्ट: “आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.” मी झडतीला संमती देत नाही. मग गप्प. त्याने तरी तपासलं तर तपासू द्या. लढाई धक्क्यावर जिंकायची नसते. बेकायदा झडतीतून मिळालेला पुरावा राज्यांच्या न्यायालयातही वगळला जाऊ शकतो, हे १९६१ च्या ‘मॅप’ निकालापासून आहे. पण संमती दिलेली असेल तर ते दार बंद होतं, म्हणून ते वाक्य बोलणं महत्त्वाचं.

अंतर ठेवून सोबतच्या माणसाला चित्रण करू द्या. घरी आल्यावर त्याच रात्री लिहून काढा: वेळ, जागा, बिल्ला क्रमांक, कोण काय म्हणालं, कुठली पिशवी आधी उघडली. दोन दिवसांनी क्रम विसरतो.

तिकीट हातात पडलं तर

तिकीट म्हणजे नियम मोडल्याची लेखी नोटीस. तिच्यावर सही करा. सही म्हणजे गुन्हा कबूल नव्हे, ठरल्या दिवशी हजर राहण्याचं वचन आहे. कॅलिफोर्नियात सही नाकारली तर तिथल्या तिथे अटक होऊ शकते. गळ, जाळी किंवा मासे जप्त केले तर पावती मागा.

कागदावर कलम कुठलं आणि ते ‘इन्फ्रॅक्शन’ आहे की ‘मिसडिमीनर’, हे आधी शोधा. पहिलं बहुतेक वेळा दंडावर मिटतं. दुसरा फौजदारी गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात अशा गुन्ह्याला साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड आहे, काही गुन्ह्यांना त्याहून जास्त. नागरिक शेजारी म्हणेल, “भरून टाक ना दंड, मीही भरला.” त्याचं ऐकू नका. दंड भरणं म्हणजे अनेकदा गुन्ह्याची कबुली असते. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जात अटक किंवा दोषसिद्धी झाली होती का, हा प्रश्न असतो. ग्रीन कार्ड आणि नागरिकत्वाच्या अर्जातही असे प्रश्न येतात. तेव्हा मिसडिमीनर असेल तर दंड भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला कागद दाखवा. एका तासाची फी जाईल, जाऊ द्या.

एका राज्यात परवाना निलंबित झाला तर दुसऱ्या राज्यात जाऊन नवा काढू, हाही मार्ग नाही. १९८९ मध्ये कोलोरॅडो, नेव्हाडा आणि ऑरेगन यांनी सुरू केलेल्या करारात आता बहुतेक राज्यं आहेत आणि निलंबन एकमेकांकडे मानलं जातं.

निकाल लागल्यावर न्यायालयातून त्याची प्रमाणित प्रत मागून घ्या. ती दोन प्रतींत घ्या. एक घरी पासपोर्टच्या फाइलमध्ये, एक वकिलाकडे. पाच वर्षांनी अर्ज भरताना कारकून तोच कागद मागतो, आणि तोवर जुनी कागदपत्रं मिळवायला महिने लागलेले मी पाहिले आहेत.